सोबतीचा तुकडा

तुटलेला हुक माझ्या टेबलावर आला तो गोणपाटात गुंडाळून. बांधणाऱ्यानं वरून सुतळीच्या चार गाठी मारल्या होत्या, जणू हुक वाटेत पळूनच जाणार होता. गाठी सोडवता सोडवता मला राग यायला लागला. आत काय आहे ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि सकाळपासून एकही माणूस माझ्याकडे सरळ बघत नव्हता.

आदल्या आठवड्यात एका गोदामात आमच्या हुकाला लटकवलेलं ओझं खाली आलं. खाली उभ्या असलेल्या माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. ओझंही फार नव्हतं, हुकावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंसुद्धा नाही.

तुटलेली बाजू बघायला मला मायक्रोस्कोप लागला नाही. खिडकीच्या उजेडात धरली आणि ती चमचमली. चांगलं पोलाद तुटलं तर आतून राखेसारखं करडं दिसतं, गप्प असतं. हे चमकत होतं, जाड्या साखरेसारखं, दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजावेत असं. हुकाच्या मानेवर लॉटचा ठसा होता: एकतीस. मी फाईल काढली. लॉट एकतीस, दाणा बारीक आणि एकसारखा, पसंत. खाली सही माझी होती.

मला कारखान्यात भिंगवाली म्हणतात. घणाखाली घडवलेले क्रेनचे हुक बाहेर पाठवायचे की नाहीत, हे माझ्या सहीवर ठरतं. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासायचा, त्यावर ॲसिडचा हात फिरवायचा, मग भिंगाखाली दाण्यांच्या कडा उमटतात, त्या मोजायच्या. पंधरा वर्षं मी हेच करते आहे. हे काम मला मामानं शिकवलं.

मामा म्हणजे भट्टीवरचा मुख्य माणूस. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात, पण खरी भाची मी एकटी. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते, हातात पदवी होती आणि डोक्यात काही नव्हतं. मामानं मला दंडाला धरून इथं आणलं आणि मालकांना सांगितलं, पोरगी शिकलेली आहे, उरलेलं मी शिकवतो.

पहिल्या आठवड्यात त्यानं एकाच सळईचे दोन तुकडे केले. एक भट्टीत टाकला, पांढरा होईपर्यंत तापवला आणि दिवसभर तसाच आत ठेवला. दुसरा आम्ही दोघांनी मिळून केला. नारिंगी होईपर्यंत तापवला, मी सांडशीत धरला, त्यानं घण चालवला. तांबडा काळवंडायला लागल्यावर त्यानं घण थांबवला. मग तुकडा परत बेताचा तापवला. लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याच्या जरा पुढे, बस. बाहेर काढून नुसता हवेत ठेवला, पाणी नाही, पंखा नाही. निवल्यावर पुन्हा एकदा तसंच. मग दोन्ही तुकड्यांना करवतीनं खाच पाडली, वाइसमध्ये आवळले आणि मोठा हातोडा माझ्या हातात दिला.

पहिला तुकडा एका घावात तुटला. आत साखर होती. दुसऱ्यानं मला चांगलंच रडवलं. पाचव्या घावाला तो तुटला तेव्हा माझी मनगटं भरून आली होती, आणि आत इतकं बारीक करडं पोलाद होतं की बोट फिरवावंसं वाटलं.

"ताप दिला की दाणा सुजतो, बरं का," मामा म्हणाला होता. "ताप जास्त झाला की चार दाणे मिळून एकच गडी होतो, गलेलठ्ठ. असल्या लठ्ठांची भिंत एका धक्क्यात फुटते. घण बसला की त्यांचा चुरा होतो. मग बेताचा ताप दिलास की त्या मोडतोडीतनं नवे जन्माला येतात, लहान लहान, एकमेकांना धरून बसलेले. भेगेला चालायला सरळ वाटच मिळत नाही."

शिकलेले लोक यालाच तीन पानं आणि दोन आलेख लावतात. मला मामाचंच कळलं.

त्या चांगल्या तुकड्याचं एक टोक मी घासून भिंगाखाली घेतलं. पोलादात थोडा मळ राहतोच. सळई ओढताना तो मळही सुतासारखा लांब ओढला जातो, म्हणून सळई कुठेही आडवी कापा, ठिपके त्याच जागी तसेच दिसतात, गाजराच्या प्रत्येक चकतीत गाभा दिसतो तसे. या तुकड्यात कडेजवळ सात ठिपके होते आणि त्यांचं अगदी बदक झालं होतं, मान वर करून पोहणारं. मी वहीच्या पहिल्या पानावर ते काढलं. मामानं वही ओढून घेतली, हसला, म्हणाला, "बिचारं आंधळंच सोडलंस," आणि माझ्या पेन्सिलीनं बदकाला डोळा काढला. उरलेला वीतभर तुकडा, अंगठ्याएवढा जाड, त्यानं आपल्याकडे ठेवून घेतला. त्याच्या टोकाला ठशानं एक आकडा मारला, १. भाचीचा पहिला तुकडा म्हणून तो घरी घेऊन गेला आणि खिडकीची झडप आपटू नये म्हणून तिथं टेकू लावला.

आता सोबतीबद्दल सांगायला हवं. धड हुक कापून बघता येत नाही, कापला की तो गेला. म्हणून आमच्याकडे प्रत्येक लॉटबरोबर त्याच सळईचा एक तुकडा जातो, त्याला सोबती म्हणतात. हुकांबरोबर तो तापतो, घण खातो, मग तारेनं एका हुकाच्या मानेला बांधून परत भट्टीत जातो आणि त्यांच्याबरोबरच हवेत निवतो. शेवटी त्यावर लॉटचा नंबर पडतो आणि तो माझ्याकडे येतो. सोबतीचं जे झालं तेच सगळ्या लॉटचं झालं, एवढ्या भरवशावर मी सही करते. तारेची गाठ मामा मारतो आणि मामाच सोडतो. पंधरा वर्षांत मी एकदाही भट्टीपाशी जाऊन तार खरंच बांधली आहे का ते बघितलं नाही. स्वतःच्या मामाची गाठ कोण तपासतं?

हुक आला त्या दिवशी दुपारी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मालक वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला एकच जबाबदार माणूस लागतो, म्हणजे मग बाकीच्यांना चहा पिता येतो. त्यांनी मामाला विचारलं, लॉट एकतीसचं काय झालं असेल. मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला की भट्टी जुनी आहे, एखाद्या दिवशी बर्नर दगा देतो, एका बाजूला ताप पोचत नाही. आणि मग अगदी शांतपणे पुढे म्हणाला, "म्हणून तर तपासणी ठेवलीय ना, मालक. सोबती मी वेळेवर दिला. तो बघणं तिचं काम."

तेव्हा मला त्यात खोटं एक अक्षर दिसलं नाही, तरी एक शब्द टोचला. पंधरा वर्षं तो केबिनमध्ये माझा उल्लेख 'आमची पोरगी' असा करायचा. आज मी 'ती' झाले होते.

मालकांनी मला लेखी खुलासा मागितला. सोमवारी गोदामवाल्यांकडून तपासनीस येणार होती, त्याआधी हवा. बाहेर पडल्यावर मामा माझ्या टेबलाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की कामाच्या गडबडीत नीट न बघता आकडा लिहिला गेला, असं लिहून टाक. माणसाकडून चूक होते. एक ताकीद मिळेल आणि प्रकरण मिटेल. ताणून धरलंस तर तुटेल.

आणि मी काय केलं? मी स्वतःवरच संशय घेतला. लॉट एकतीस तपासला त्या महिन्यात माझ्या लेकीला ताप होता, मी दोन दिवस अर्ध्या झोपेत कामाला आले होते. बघितलं असेल का मी खरंच? की नेहमीसारखा बारीकच असणार म्हणून आकडा ठोकून दिला? मामा म्हणतो म्हणजे तसंच असेल. इतकी मी शहाणी.

पण मी एक करते, तपासलेला एकही तुकडा फेकत नाही. प्रत्येक सोबतीची चकती बटणासारख्या काळ्या प्लॅस्टिकच्या टिकलीत बसवलेली असते, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये नंबर लावून ठेवते. सगळे यावर हसतात, म्हणतात भिंगवालीचा बटणांचा धंदा आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो. सगळे गेल्यावर मी एकतीस नंबरची टिकली काढली, ॲसिडचा जुना थर घासून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ॲसिड लावण्याआधी तुकडा एकदा कमी ताकदीच्या भिंगाखाली बघायचा असतो, मळ किती आहे ते कळतं. रोजच्या कामात मी मधोमध एक नजर टाकून पुढे जाते. त्या दिवशी हातात वेळ होता आणि मनात भीती, म्हणून कडेपर्यंत गेले.

कडेला बदक होतं.

आधी मला हसू आलं, जुनं कुणी रस्त्यात भेटावं तसं. मग हसू गेलं. मी खुर्ची मागे सारली, कपाटातून पहिली वही काढली, तीच, कडा पिवळ्या पडलेली. सात ठिपके. मानेचा तोच बाक. शेपटीपाशी दोन ठिपके जवळजवळ. फरक एकच, वहीतल्या बदकाला डोळा होता.

मी ॲसिड लावलं. दाणा बारीक होता, सुरेख होता. माझा आकडा बरोबर होता. मी डोळे मिटून सही केली नव्हती. पण जे तपासलं ते लॉट एकतीसचं नव्हतंच. ते माझं होतं, माझ्या पहिल्या आठवड्यातलं, पंधरा वर्षांपूर्वीचं.

या ऑर्डरचे तेरा लॉट गेले होते. मी तेराही टिकल्या काढल्या. एकोणतीसमध्ये बदक नाही. तीसमध्ये नाही. एकतीसमध्ये आहे. तेहतीसमध्ये, चौतीसमध्ये, छत्तीस, एकोणचाळीस, एकेचाळीस. सहा बदकं. एका लॉटमध्ये चाळीस हुक. एक तुटला, म्हणजे दोनशे एकोणचाळीस हुक कुठं ना कुठं माणसांच्या डोक्यावर लटकत होते आणि ते चांगले असल्याचं मी लिहून दिलं होतं. मी तिथंच बसून रडले, आणि रडताना मला आधी त्या माणसाच्या पायाचं दुःख झालं की मामाचं, हे खरं सांगायचं तर सांगता येत नाही.

रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. मामीनं दार उघडलं, तिला फार आनंद झाला, कारण मी बऱ्याच दिवसांत फिरकले नव्हते. मामा आत आडवा झाला होता. मी सरळ खिडकीकडे गेले. झडपेला घडी घातलेला पुठ्ठा टेकू होता आणि तुकडा कडेला फळीवर पडला होता. वीतभराचा तो आता दोन बोटांएवढा उरला होता. टोकावरचा १ तेवढा शाबूत होता. दुसऱ्या टोकाकडून कापत आणलं होतं.

"काय गं ते, साबणासारखं झिजतंय," मामी म्हणाली. "कामावर नेतात, आणतात, आणलं की लहान. मी म्हटलं, खिडकी आपटते, मला दुसरं काहीतरी द्या. तर हा पुठ्ठा दिला."

मामा दारात उभा होता. माझ्या हातात तुकडा बघून त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं मामीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि पलंगाच्या कडेला बसला.

मी वही उघडून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं बदकाच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. "हे विसरलोच होतो," म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पश्चात्तापापेक्षा चुकचुकणं जास्त होतं, बुद्धिबळात घोडा दिसला नाही म्हणून माणूस चुकचुकतो तसं.

मग त्यानं सगळं सांगितलं. ऑर्डर दुप्पट झाली होती. घणावरून हुक भराभर उतरत होते आणि भट्टी मात्र एकच. दुसरा ताप द्यायचा म्हणजे एका लॉटला अर्धा दिवस. मालक म्हणाले होते, तुम्हाला झेपत नसेल तर ते काम बाहेर देऊ, भट्टी बंद करू. मामानं झेपतं म्हणून शब्द दिला. मग अडलं की त्यानं घणावरचे तांबडे हुक तसेच ढिगात निवू दिले. ढिगात ताप कोंडतो, हळूहळू उतरतो, आणि दाणा सुजत जातो. हे त्यानंच मला शिकवलं होतं. "पूर्वी सगळेच असं करायचे," तो म्हणाला. "हुक लिहिल्यापेक्षा पाचपट ओझं घेतोच. म्हटलं, काही होत नाही."

"आणि सोबती?"

"त्या ढिगातला सोबती तुला दिला असता तर तू दोन मिनिटांत पकडलं असतंस."

"पण हाच तुकडा का, मामा? सळया पडल्या होत्या की ढीगभर."

त्यानं वर बघितलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता असं वाटलं. "चांगला निघालेला होता म्हणून," तो म्हणाला. "याच्याइतका चांगला दाणा मला परत कधी जमला नाही."

चहा आला. मामी होती तोवर आम्ही लेकीच्या तापाबद्दल बोललो. ती आत गेल्यावर मी सांगितलं की सहाही लॉट परत मागवायचे, उद्याच, तपासनीस यायच्या आधी मालकांना सांगून. मामा हो म्हणाला. मग त्यानं माझा हात धरला. त्याच्या तळव्याची कातडी भट्टीनं चामड्यासारखी झालेली आहे, मला ती लहानपणापासून ओळखीची.

"माझ्या तोंडानं सांगू दे," तो म्हणाला. "तू बोलू नकोस. एवढी वर्षं त्या केबिनमध्ये मान वर करून गेलोय. जाताना तरी स्वतःहून सांगितलं असं होऊ दे. तुकडा आण, वही आण, त्या टिकल्या आण. मी सगळं समोर ठेवून बोलतो."

मला रडू आलं. मी त्याला म्हटलं, बरं. निघताना मी त्याच्या पाया पडले, हे आठवलं की अजून माझे कान तापतात.

सोमवारी केबिनमध्ये चौघं होतो. मालक, गोदामवाल्यांची तपासनीस, मामा आणि मी. तपासनीस पन्नाशीची, चष्मा दोरीला लावलेली, अगदी कमी बोलणारी बाई होती. मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सहा टिकल्या ओळीनं मांडल्या, वहीचं पहिलं पान उघडलं आणि तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. मग मामाकडे बघितलं आणि खाली बसले. ठरल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं.

मामा उभा राहिला. त्यानं सांगितलं की सहा लॉटमध्ये गडबड आहे. इथवर ठीक होतं. माझ्या मनात आलं, चला, सुटलो. मग त्यानं तुकडा उचलून तपासनीस बाईंपुढे धरला.

"हा तिचा तुकडा आहे," मामा म्हणाला. "पंधरा वर्षांपूर्वीचा, तिच्या हातचा. वहीत चित्रसुद्धा तिनंच काढलंय. मी दिलेले सोबती बाजूला ठेवून ही हाच कापून बघत होती. घासायला सोपा, दाणा माहितीचा. मला काल समजलं. भट्टीचा दोष मी मान्य करतो, बर्नर जुना आहे. पण ती वेळेवर बोलली असती तर एवढं झालं नसतं. घरची आहे, म्हणून सांगताना जीव तुटतोय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी.

माणसं दुसऱ्याला मामा बनवतात म्हणतात. माझ्या मामानं मला दोनदा बनवलं, आणि दुसऱ्या वेळी तर सामान मीच वाहून आणलं होतं, डब्यात घालून, नंबर लावून. सगळं त्या टेबलावर होतं: माझी वही, माझं अक्षर, माझ्या टिकल्या, माझी सही. त्याचा त्यात फक्त एक डोळा होता, पेन्सिलीचा.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना हवा होता तो एक माणूस सापडल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी ओरडणार होते. मामीचं नाव घेणार होते, खिडकीचं सांगणार होते. पण एवढं कळत होतं की तुकडा कुणी कापला यावर आता भांडण सुरू झालं तर ते महिनाभर चालेल, आणि तोवर हुक वरच राहतील.

"कुणी कापला ते नंतर ठरवा," मी तपासनीस बाईंना म्हटलं. "माझं नाव लिहायचं तर लिहा. पण या सहा लॉटची तपासणी झालेलीच नाही, एवढं आत्ता माझ्याकडून लिहून घ्या. आज सगळे हुक खाली उतरवा."

त्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, सही केली. मग मी मामाकडे बघितलं. तो टोपी घालत होता.

मला घरी बसायला सांगितलं. साडेतीन आठवडे मी घरी बसले. लेक शाळेत गेली की रिकाम्या घरात भिंतीशी भांडायचे. नवरा म्हणायचा, वकील बघू. मला वकील नको होता, मला मामा हवा होता, आदल्या महिन्यातला. राग आला तरी मनातल्या मनात मी त्यालाच सांगायला जात होते की बघ ना, माझ्याशी कुणी असं वागलं.

त्यानं एक मोठी चूक केली होती. त्याला वाटलं, कागद माझ्याविरुद्ध आहेत म्हणजे झालं. पण हुक परत आले आणि तपासनीस बाईंनी ते बाहेर दुसरीकडे नेऊन तोडले. बदकाच्या सहा लॉटमधला प्रत्येक हुक आतून साखर निघाला. बाकीच्या सात लॉटमधलेही काही हुक मागवून तोडले, ते अस्सल बारीक. आणि बर्नर अर्धवट चालला असता तर भट्टीतल्या एका बाजूचे हुक बिघडले असते, दुसऱ्या बाजूचे नाही. इथं चाळीसच्या चाळीस बिघडले होते. म्हणजे ते भट्टीत गेलेच नव्हते. भट्टीच्या वहीत मात्र गेले असं मामाच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

तरीही तुकडा मी कापला की त्यानं, हे हुकांना सांगता येत नाही. ते मामीनं सांगितलं. तिला हे सगळं कुणाकडून कळलं मला माहीत नाही, मी तिला फोन केला नव्हता. ती एकटी कारखान्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनमध्ये शिरली, खुर्चीत बसायला नाही म्हणाली आणि मालकांना एवढंच सांगितलं, "तो तुकडा गेल्या महिन्यापर्यंत माझ्या खिडकीत होता. तिच्याकडे कसा असेल?" आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागली. ती अजून मामाबरोबरच राहते. त्यांच्यात काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मामाला काढून टाकलं. मला परत बोलावलं. मालक म्हणाले, झालं गेलं विसरा. आता सोबतीची तार मी स्वतः बांधते, गाठीवर शिसं दाबून ठसा मारते, आणि भट्टीवाले माझ्यामागे म्हणतात की भिंगवाली आता स्वतःच्या सावलीचाही रिपोर्ट मागेल. म्हणू देत.

तुकडा पाकिटात घालून मला परत दिला. दोन बोटं लांब, टोकाला १. तो आठवडाभर खणात पडून होता. रोज खण उघडला की दिसायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तो घेऊन वाइसपाशी गेले. मधोमध करवतीनं खाच पाडली, आवळला आणि मोठा हातोडा उचलला.

मला तो एका घावात तुटायला हवा होता. आत साखर दिसायला हवी होती. म्हणजे मग म्हणता आलं असतं की सगळं पहिल्यापासूनच तसं होतं, तो शिकवायचा ते, घण धरायचा तो हात, बदकाचा डोळा, सगळंच. पहिल्या घावाला तो नुसता वाकला. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. चौथ्याला मनगट दुखलं. मी शिव्या देत मारत राहिले आणि आजूबाजूची माणसं जेवता जेवता थांबून बघायला लागली. सातव्या घावाला तो तुटला.

मी तो उजेडात धरला. आत बारीक करडं पोलाद होतं, कुठंही चमक नाही, एकही खोट नाही. आम्ही दोघांनी ते खरंच चांगलं केलं होतं.